पापाचे वाटेकरी

कॉलेजात जाणारी मुले सुट्टीला घरी आली की हल्ली ‘ग्रुप प्रोजेक्ट’ हा शब्द फार कानावर पडतो. चौघांनी मिळून एक अहवाल लिहायचा, चौघांची नावे पहिल्या पानावर आणि चौघांना एकच ग्रेड. आपल्यापैकी जे भारतात शिकले त्यांच्या वेळी जर्नल ज्याचे त्याचे असे आणि मार्कही ज्याचे त्याला. (एकाचे जर्नल वर्गातल्या किती हातांतून फिरून येई, हा विषय वेगळा!) त्यामुळे या पद्धतीत काही बिघडले की आई-वडील गोंधळून जातात.

बिघडते ते असे. चौघांपैकी एक जण आपल्या वाट्याची पाने दुसऱ्या कुणाच्या लेखातून जशीच्या तशी उतरवतो. बाकीच्या तिघांना त्याचा पत्ता नसतो, किंवा असतो पण ते बोलत नाहीत. प्रोफेसरांच्या लक्षात येते आणि चौकशीचे पत्र येते ते चौघांच्या नावाने. मग घरात पहिले वाक्य उमटते, “ज्याने केले त्याने भोगावे, आमच्या मुलीचा काय संबंध?” त्यातून मुलगी किंवा मुलगा विद्यार्थी व्हिसावर इथे आलेला असेल तर निलंबनाने नुसते एक सत्र वाया जात नाही. पटावरून नाव गेले की व्हिसाही धोक्यात येतो.

मंडळातल्या दोन-तीन कुटुंबांनी हा प्रश्न आम्हाला विचारला. आम्ही पडलो रसायनशास्त्रवाले, वकिली आमचे काम नाही. पण ज्या शोधनिबंधांवर आमचे पोट चालते त्यांच्यावरही चार-चार, दहा-दहा नावे असतात आणि तिथे हाच प्रश्न गेली चाळीस-पन्नास वर्षे गाजतो आहे. तेव्हा उपदेश करण्यापेक्षा त्याचा इतिहासच सांगावा असे ठरवले. आज विद्यापीठे चौघांना का बोलावतात, ते या इतिहासावाचून नीट समजत नाही. शिवाय या इतिहासात आपल्याकडचीही माणसे आहेत, आणि ती दोन्ही बाजूंना आहेत.

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. नारदाने वाल्याला विचारले की, ज्यांच्यासाठी तू ही वाटमारी करतोस ते तुझ्या पापात वाटेकरी होतील का? वाल्या घरी विचारायला गेला आणि बायकापोरांनी कानांवर हात ठेवले. आपण ही गोष्ट नेहमी वाल्याच्या बाजूने ऐकतो. पण घरच्यांचे म्हणणेही क्षणभर ऐकून पाहा. वाटमारी करायला आम्ही सांगितले नव्हते, आम्हाला ती दिसलीही नव्हती. बरोबर आहे. पण त्या वाटमारीवर घर चालले होते, हेही तितकेच खरे. करणारा एक आणि खाणारे चार, असे झाले की हिशेब कसा मांडायचा, हाच आपला प्रश्न आहे.

जुना काळ : एक चोर, एक धनी

वाङ्मयचौर्याला इंग्रजीत ‘प्लेजिअरिझम’ म्हणतात. या शब्दाचे मूळ लॅटिन आहे आणि मूळ अर्थ आहे दुसऱ्याचे मूल किंवा गुलाम पळवणारा. पहिल्या शतकातल्या मार्शल या रोमन कवीने आपल्या कविता स्वतःच्या म्हणून वाचून दाखवणाऱ्या माणसाला हा शब्द लावला, आणि तेव्हापासून तो चिकटला तो कायमचाच.

आपल्याकडेही हा विचार झालेला आहे. इ.स. ९०० च्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात शब्दहरण आणि अर्थहरण यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले आहेत. दुसऱ्याचे शब्द घेणे आणि दुसऱ्याची कल्पना घेणे यांत फरक काय, कोणते घेणे खपवून घ्यावे आणि कोणते नाही, याची त्याने बारकाईने वर्गवारी केली आहे. या राजशेखराने आपले पणजोबा अकालजलद यांना महाराष्ट्राचे चूडामणी म्हटले आहे. तेव्हा हजार वर्षांपूर्वी या विषयावर इतका काथ्याकूट करणारा गृहस्थ आपल्याच मुलखाशी नाते सांगणारा होता, असे म्हणायला हरकत नाही.

पण मार्शल असो की राजशेखर, दोघांच्याही हिशेबात माणसे दोनच, एक चोर आणि एक धनी. काव्य एकट्याने लिहायचे असल्यामुळे ‘चोराच्या बरोबरचे’ हा प्रश्नच त्यांना पडला नाही.

एकाचे अनेक कसे झाले

विज्ञानातही सुरुवातीला असेच होते. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक १६६५ मध्ये सुरू झाले. त्यातले जुने निबंध बहुतेक एकेका माणसाचे आहेत. प्रयोग त्याचा, लेखणी त्याची, आणि कीर्ती किंवा नाचक्की झाली तर तीही त्याची.

हे चित्र बदलण्यात आमच्या रसायनशास्त्राचा मोठा हात आहे. जर्मनीतल्या गीसेन गावी १८२४ मध्ये युस्टुस लिबिग हा अवघा एकवीस वर्षांचा तरुण प्राध्यापक म्हणून आला. त्याने अशी प्रयोगशाळा उभी केली की, देशोदेशींचे विद्यार्थी तिथे एका छताखाली, एका गुरूच्या हाताखाली खऱ्या संशोधनाचे काम करू लागले. एकाच मोठ्या प्रश्नाचे तुकडे करून ते निरनिराळ्या विद्यार्थ्यांना वाटून द्यायचे, ही आजची पद्धत तिथे रुजली. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी पैसा आला, महागडी यंत्रे आली आणि एकट्याने संशोधन करणे जवळपास अशक्य झाले. आता पसारा किती वाढला आहे पाहा. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधांची ४१,०२१ रुग्णांवर घेतलेली चाचणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या निबंधावर ९७२ नावे होती. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरचा २०१५ चा निबंध ५,१५४ जणांच्या नावाने निघाला. त्याची एकूण पाने ३३, आणि त्यांतली २४ पाने नुसती माणसांची व संस्थांची यादी!

इथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. चौघांत एक पेढा वाटला तर प्रत्येकाच्या हातावर पाव पेढा येतो. निबंधाच्या श्रेयाचे तसे होत नाही. चौघेही आपापल्या बायोडेटात तो निबंध अख्खा लिहितात. ग्रुप प्रोजेक्टचा ‘ए’ ग्रेडही चौघांना अख्खाच मिळतो. मग दोष निघाला की त्याचे मात्र तुकडे करायचे, आणि आपल्या वाट्याचा तुकडा शून्य आहे असे सांगायचे, हे कितपत चालावे? हा प्रश्न फार दिवस कुणी मोठ्याने विचारला नव्हता. तो विचारायला भाग पाडणाऱ्या प्रकरणांपैकी एक मोठे प्रकरण अमेरिकेत घडले.

येल विद्यापीठ, १९७८ ते १९८०

नोव्हेंबर १९७८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या, म्हणजे एन.आय.एच.मधल्या, हेलेना वाक्सलिश्ट-रॉडबार्ड या तरुण संशोधिकेने आपला निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला पाठवला. अन्न टाकून देण्याचा जो मानसिक आजार असतो, ॲनोरेक्सिया नर्व्होसा, त्यातल्या रुग्णांच्या रक्तपेशींना इन्सुलिन कसे चिकटते, हा त्याचा विषय. नियतकालिकाने प्रघाताप्रमाणे तो परीक्षणासाठी येलच्या फिलिप फेलिग यांच्याकडे पाठवला. मधुमेहाच्या संशोधनात फेलिग हे फार मोठे नाव होते. त्यांनी निबंध आपल्या प्रयोगशाळेतल्या तरुण सहकाऱ्याच्या हाती दिला. हा सहकारी भारतातून आलेला डॉक्टर होता आणि त्याच विषयावर काम करीत होता. फेलिग यांचे परीक्षण प्रतिकूल गेले आणि नियतकालिकाने निबंध त्या रूपात नाकारला.

त्याच सुमारास येलच्या या दोघांनी स्वतःचा एक निबंध ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’कडे धाडला. योगायोग असा की, तो परीक्षणासाठी गेला नेमका एन.आय.एच.मधले जेसी रॉथ यांच्याकडे, आणि रॉथ हे रॉडबार्ड यांचे वरिष्ठ! त्यांनी तो रॉडबार्ड यांना वाचायला दिला. त्यांनी पाहिले तो काय, आपलीच वाक्ये आपल्याकडे परत आलेली.

पुढे जे झाले ते आपल्या प्रश्नासाठी जास्त महत्त्वाचे आहे. फेलिग आणि रॉथ हे लहानपणापासूनचे मित्र. १९७९ च्या सुरुवातीला दोघांची भेट झाली. सहकाऱ्याने मजकूर उतरवल्याचे मान्य केले, पण रुग्ण आणि मोजमापे आपलीच आहेत असे सांगितले. फेलिग यांनी त्यावर विश्वास ठेवला. रॉडबार्ड यांचा निबंध आधी प्रसिद्ध व्हावा, येलचा मागाहून, अशी समजुतीची वाट निघाली. मोठ्या माणसांच्या दृष्टीने प्रकरण मिटले. रॉडबार्ड यांना ते पटले नाही. मूळ नोंदवह्या बाहेरच्या माणसाने तपासाव्यात, हे त्यांचे म्हणणे त्यांनी सोडले नाही आणि येलच्या डीनलाही तसे कळवले. पण महिन्यांमागून महिने गेले आणि तपासणी काही होईना. येलचा निबंध जानेवारी १९८० मध्ये छापूनही आला.

अखेर फेब्रुवारी १९८० मध्ये बॉस्टनचे डॉ. जेफ्री फ्लायर वह्या तपासायला येलमध्ये गेले. एका दिवसाच्या आत उघडकीला आले की नोंदी अपुऱ्या आहेत आणि आकड्यांत फेरफार केलेला आहे. मग त्याच सहकाऱ्याचे आधीचे निबंध तपासले गेले आणि त्यांतले बहुतेक मागे घ्यावे लागले. त्याने राजीनामा दिला. फेलिग दरम्यान कोलंबिया विद्यापीठात वैद्यकविभागाचे प्रमुख झाले होते. त्याच वर्षी त्यांनाही ते पद सोडावे लागले. आणि जिचे मूळ काम होते, त्या रॉडबार्ड यांनी तोवर संशोधन सोडून दवाखान्याचा रस्ता धरला होता.

भारतातून आलेला तरुण म्हटला की आपल्या मनात दोन विचार येतात. ‘बिचाऱ्यावर केवढे दडपण असेल!’ हा एक, आणि ‘आपल्या सगळ्यांचे नाव घालवले!’ हा दुसरा. दोन्ही विचार बाजूला ठेवून फेलिग यांच्याकडे पाहावे असे आम्हाला वाटते. त्यांनी एकही आकडा खोटा केला नव्हता, एकही वाक्य उतरवले नव्हते. मग त्यांची खुर्ची का गेली? गोपनीय म्हणून हाती आलेला निबंध त्यांनी स्पर्धक असलेल्या सहकाऱ्याला दिला, सहकाऱ्याच्या वह्या न पाहता निबंधावर आपले नाव घातले, आणि संशय कळल्यावर वर्षभर तपासणीचा आग्रह धरला नाही म्हणून. त्यातली तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत जड वाटते. १९७९ मध्येच वह्या उघडल्या असत्या तर नुकसान एका निबंधापुरते राहिले असते.

नियम कसा ठरला

या आणि अशा प्रकरणांनंतर १९८१ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या एका उपसमितीने संशोधनातल्या लबाडीवर सुनावणी घेतली. अध्यक्ष होते पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेले अल गोर. वैज्ञानिकांना कळून चुकले की, घर आपण झाडले नाही तर सरकार झाडू घेऊन येईल.

१९८५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणावे हे लिहून काढले. निबंधाची चारचौघांत जबाबदारी घेता येईल इतका कामात ज्याचा वाटा आहे, त्याचेच नाव घालावे, असे त्यात स्पष्ट झाले. त्याच सुमारास अमेरिकन केमिकल सोसायटीनेही आमच्या क्षेत्रासाठी नीतिनियम छापले. त्यांतही सहलेखकांवर जबाबदारी टाकलेली आहे. १९९७ मध्ये ड्रमंड रेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवले की नुसती नावांची माळ छापू नये, कुणी काय केले हेही छापावे. आज अनेक नियतकालिकांत निबंधाच्या शेवटी तशी नोंद असते. २०१३ मध्ये संपादकांच्या समितीने आणखी एक अट घातली. कामाच्या कोणत्याही भागाबद्दल शंका निघाली, तर तिचा छडा लागेपर्यंत उत्तरदायी राहण्याची प्रत्येक लेखकाची तयारी हवी.

पण दुसरी बाजूही तितक्याच काळजीने लिहिली गेली. डिसेंबर २००० मध्ये अमेरिकन सरकारने संशोधनातल्या गैरवर्तनाची एकच व्याख्या ठरवली. आकडे बनवणे, आकडे फिरवणे आणि वाङ्मयचौर्य हे तीन प्रकार तिच्यात येतात. मात्र ते मुद्दाम, जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने केलेले असले पाहिजेत. प्रामाणिक चूक म्हणजे गैरवर्तन नव्हे, हेही त्यातच नमूद आहे.

या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की गाठ सुटते. आपल्या मराठीत ‘जबाबदारी’ हा फार नेमका शब्द आहे. जबाबदार म्हणजे ज्याने जबाब द्यायचा तो. जबाब देणारा प्रत्येक जण दोषी असतोच असे नाही. नाव घातले म्हणजे जबाब देणे आले, चूक दुरुस्त करणे आले, आणि ते सर्वांवर सारखे येते. दोष आणि शिक्षा मात्र ज्याच्या त्याच्या करणीप्रमाणे. चौकशीचे पत्र चौघांना येते ते जबाबासाठी. चौघांना शिक्षा होईल असा त्याचा अर्थ नसतो.

आपल्याकडची दोन उदाहरणे

नियम असले तरी माणसे ते कसे पाळतात हे प्रसंग आल्यावरच कळते. पहिले उदाहरण नैनितालच्या कुमाऊँ विद्यापीठाचे. तिथले कुलगुरू बी. एस. राजपूत आणि त्यांचा एक विद्यार्थी यांच्या नावाने २००२ मध्ये कृष्णविवरांवरचा एक निबंध युरोपातल्या नियतकालिकात आला. त्यातला मजकूर स्टॅनफर्डच्या रेनाटा कॅलॉश यांच्या १९९६ च्या निबंधातून घेतलेला निघाला. स्टॅनफर्डच्या पदार्थवैज्ञानिकांनी थेट राष्ट्रपती अब्दुल कलाम यांना पत्र लिहिले. कुलगुरूंनी दोष विद्यार्थ्यावर ढकलला. नाव दोघांचे, मान कुलगुरूंचा, आणि पाप तेवढे विद्यार्थ्याचे! निवृत्त न्यायाधीशांच्या चौकशीत हे टिकले नाही आणि २००३ मध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले.

दुसरे उदाहरण लिहिताना हात थोडा अडखळतो, कारण माणूस आपला लाडका आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर गोव्यातल्या माशेल गावचे, मुंबईत गरिबीत वाढलेले आणि यू.डी.सी.टी.त शिकलेले केमिकल इंजिनिअर. हळदीच्या औषधी उपयोगावर अमेरिकेत दिले गेलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ती लढाई त्यांच्याच नेतृत्वाखाली सी.एस.आय.आर.ने जिंकली. दुसऱ्याची विद्या आपल्या नावावर करू नये, हे सबंध देशाला त्यांनी समजावून सांगितले.

भारत सरकारने २००५ मध्ये पेटंट कायद्यातल्या दोन अवघड प्रश्नांवर पाच तज्ज्ञांची समिती नेमली. अध्यक्ष माशेलकर. औषधांची पेटंटे फक्त नव्या रासायनिक रेणूंपुरती ठेवता येतील का, हा त्यातला एक प्रश्न. वरवर कोरडा दिसतो, पण औषध स्वस्त मिळणार की महाग, हे अशाच प्रश्नांवर ठरते. डिसेंबर २००६ मध्ये समितीने अहवाल दिला की, तशी मर्यादा घालणे जागतिक व्यापार कराराशी जुळणार नाही. दोन महिन्यांतच वृत्तपत्रांनी दाखवून दिले की, अहवालातला कळीचा मजकूर शामनाद बशीर या कायद्याच्या अभ्यासकाच्या लेखातून, त्याचे नाव न देता, जवळपास जसाच्या तसा घेतलेला आहे. त्यात भर अशी की, बशीर यांच्या त्या अभ्यासाला औषध कंपन्यांच्या एका संघटनेचे पैसे मिळाले होते. बशीर यांनी काही लपवले होते असे नाही. पण उताऱ्याखालचे नाव गेल्याबरोबर वाचणाऱ्याला हे कळायची वाटच बंद झाली. वाङ्मयचौर्यात मूळ लेखकाचे नुकसान होतेच, शिवाय ‘हे कुणाचे मत आहे’ हे जाणण्याचा वाचकाचा हक्कही जातो. हे यातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसत असेल.

मसुदा एका उपगटाने तयार केला होता. अध्यक्षांना ‘ते मी लिहिलेच नाही’ असे म्हणून मोकळे होता आले असते. माशेलकरांनी फेब्रुवारी २००७ मध्ये सरकारला कळवून अख्खा अहवालच मागे घेतला. दुरुस्त केलेला अहवाल २००९ मध्ये पुन्हा सादर झाला आणि सरकारने तो स्वीकारला. निष्कर्ष मूळचाच राहिला. टीकाकारांचे त्यानेही समाधान झाले नाही, आणि इतक्या मोठ्या तज्ज्ञांच्या नजरेतून हे सुटलेच कसे, हा प्रश्न उरतोच. पण कुमाऊँ आणि हे प्रकरण शेजारी-शेजारी ठेवून पाहा. एकाने नाव ठेवले आणि दोष खाली ढकलला. दुसऱ्याने नावाबरोबर आलेला जबाब दिला, आणि तो प्रकरण उघडकीला आल्यावर काही दिवसांतच दिला.

विद्यार्थ्यांच्या पातळीवर

आता पुन्हा मुलांकडे वळू. व्हर्जिनिया विद्यापीठाची सचोटीची व्यवस्था १८४२ पासून चालत आलेली आहे आणि ती विद्यार्थीच चालवतात. २००१ मध्ये तिथले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक लुई ब्लूमफिल्ड यांच्या कानावर आले की, त्यांच्या वर्गात जुने पेपर पुन्हा फिरताहेत. त्यांनी एक कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहिला. सलग सहा शब्द जुळणारे पेपर तो शोधून काढी. काही वर्षांचे पेपर त्यातून घातले आणि अखेर १५८ जणांची प्रकरणे समितीपुढे गेली. २००२ च्या अखेरीस हिशेब झाला तेव्हा ४५ जणांना विद्यापीठ सोडावे लागले होते आणि तिघांची मिळालेली पदवी रद्द झाली होती. बाकीचे सुटले. सुटलेल्यांत अनेक जण असे होते की ज्यांचा पेपर त्यांच्या नकळत दुसऱ्याने वापरला होता. म्हणजे बोलावणे सर्वांना आले आणि शिक्षा मात्र ज्याच्या त्याच्या करणीप्रमाणे झाली.

ओहायो विद्यापीठात याच्या उलट बाजू दिसली. थॉमस मॅट्रका या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला २००४ मध्ये ग्रंथालयात असे प्रबंध सापडले की ज्यांत पानेच्या पाने एकमेकांतून उतरवलेली होती. अनेक वर्षे हे चालले होते. विद्यार्थ्यांवर कारवाई झालीच, पण २००६ मध्ये त्या प्रबंधांवर मार्गदर्शक म्हणून सह्या करणाऱ्या प्राध्यापकांनाही जाब विचारला गेला आणि विभागप्रमुखांना पद सोडावे लागले. न वाचता सही करणे ही सुद्धा एक करणीच ठरली.

इतक्या इतिहासातून आम्हाला तीन प्रश्न वेगळे काढता येतात, आणि बहुतेक चौकश्या शेवटी याच तीन प्रश्नांवर येऊन थांबतात. तुला माहीत होते का? माहीत नसेल, तर थोडे लक्ष दिले असतेस तर कळले असते का? आणि कळल्यावर तू काय केलेस? पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘नाही’ असेल तर मुलगी घाबरायचे कारण नाही. दुसऱ्याचे उत्तर तिच्या सवयींवर आहे. तिसऱ्याचे उत्तर मात्र सर्वस्वी तिच्या हातात असते, आणि येल असो की दिल्ली, निकाल बराचसा त्यानेच लागलेला दिसतो.

म्हणून मुलांना आम्ही एवढेच सांगतो. कुणी कोणता भाग लिहिला याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. एकमेकांचे भाग सादर करण्याआधी खरोखर वाचा. एखादा परिच्छेद त्या मित्राच्या बोलीशी जुळत नसेल तर विचारा, “हे कुठून आणलेस?” या प्रश्नाने मैत्री तुटत नाही. शंका आली तर सादर करण्याआधी बोला, आणि नंतर कळले तर प्रोफेसरांकडे आपण होऊन जा. ‘आपल्याच माणसाची चुगली कशी करायची’ हा संकोच आपल्या मुलांत, विशेषतः भारतातून नव्याने आलेल्यांत, फार असतो. त्यांना सांगा की मित्राला सादर करण्याआधी थांबवणे ही चुगली नव्हे, त्यात त्याचेही भले असते.

आता ग्रुपमध्ये एक नवा गडीही शिरला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि लवकरच काही निबंधांवर यंत्राचे नाव लेखक म्हणून दिसू लागले. जानेवारी २०२३ मध्ये ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या दोन्ही नियतकालिकांनी ते बंद केले. ‘नेचर’ने कारण दिले ते या सगळ्या इतिहासाला धरूनच होते. लेखक म्हणजे जबाब देणारा, आणि यंत्र जबाब देऊ शकत नाही. यंत्राने लिहिलेल्या पानाचा जबाब शेवटी ज्यांची नावे वर आहेत त्या माणसांनाच द्यावा लागतो.

पालकांसाठी एकच विनंती. असे पत्र घरी आले तर पहिल्या दिवशी वकील शोधण्याआधी आणि बाकीच्या तिघांच्या आई-वडिलांवर रागावण्याआधी मुलीला शेजारी बसवून ते तीन प्रश्न शांतपणे विचारा, आणि ती देईल ते उत्तर ऐकून घ्या. विद्यापीठाचे नियम प्रत्येक ठिकाणी थोडे वेगळे असतात, ते तिच्याबरोबर बसून वाचा. कुणाला अधिक बोलायचे असेल तर मंडळाच्या कार्यक्रमात आम्हाला जरूर गाठावे. चहा आमच्याकडून, आणि बोलणे आपल्यातच राहील.